सासऱ्यांच्या डोक्यावरचं पावसाचं पाणी

गेल्या श्रावणात मी एका माणसाला डोक्यावरच्या फेसासकट विसरलो.

माणूस साधासुधा नव्हता. शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. श्रावणात निम्मं पेण दाढी-केस वाढवून बसतं, त्यामुळे जे थोडे लोक श्रावण पाळत नाहीत त्यांना आम्ही सलूनवाले फुलासारखं जपतो. तर सर बेसिनला मान टेकून, डोळे मिटून पडलेले. मी शाम्पू चोळला आणि नळ बंद केला. चोळताना नळ बंद, हा त्या महिन्यातला माझा नवा नियम. तेवढ्यात पत्र्यावर जोराची सर आली. मागच्या बाजूला पन्हळीखाली ठेवलेलं माझं निळं पिंप सकाळी झाडू मारताना सरकलेलं होतं, म्हणजे सगळं पाणी गटारात चाललेलं. मी हाताचा फेस पँटला पुसत मागच्या दाराने पळालो. पिंप सरळ केलं आणि भरताना बघत उभा राहिलो. भरणारं पिंप बघण्यात एक सुख असतं, ते मला या वयात कळलं. किती वेळ गेला देव जाणे. आतून आवाज आला, "अहो, मी अजून इथेच आहे बरं का! आणि डोळ्यात जातंय!"

सर पुन्हा आले नाहीत. पार्टिशनच्या पलीकडून, जिथे हिचं लेडीज पार्लर आहे, तिथून ही म्हणाली, "पाणी वाचलं. गिऱ्हाईक गेलं."

हे सगळं सुरू कसं झालं ते सांगतो. आमच्या धंद्यातल्या लोकांचा एक ग्रुप आहे मोबाइलवर. त्यावर कुणीतरी एक व्हिडिओ टाकला होता, पर्यावरण सांभाळून सलूनचा खर्च कसा कमी करायचा. मी तो तीनदा पाहिला. श्रावणात हाताला दुसरं काम नसतं. मग मी गिझरचा काटा खाली आणला. ड्रायरमध्ये सुकणारे टॉवेल मागच्या दोरीवर वाळत घातले. ते पावसात वाळेनात, म्हणून हिच्या पार्लरच्या पंख्याखाली घातले, आणि तिथून ते परत माझ्या अंगावर आले. केसांचा रंग डोळ्याने न ओतता छोट्या काट्यावर मोजून कालवायला लागलो. त्याने मात्र खरंच फरक पडला. कापलेले केस कचऱ्यात न टाकता पोत्यात भरायला लागलो. गागोद्याचा एक शेतकरी ते घेऊन जातो आणि बांधावर पसरतो, म्हणजे माणसाच्या वासाने रानडुकरं भातात शिरत नाहीत. डुकरं पेणकरांच्या केसांना घाबरतात याचा मला उगीचच अभिमान वाटायचा.

आणि पिंप. पिंपातलं पाणी लादी पुसायला, कंगवे-ब्रश विसळायला, टॉवेलचा पहिला हात मारायला. डोक्यासाठी नाही. डोक्यासाठी नळाचंच, हे मी स्वतःला बजावलेलं होतं. पिंपाचं झाकण मी काढून टाकलं होतं, कारण झाकण असलं की पाणी कमी पडतं. त्याऐवजी वर जुनी मच्छरदाणी ताणून सुतळीने बांधली होती. डास नकोत म्हणून. डासांपलीकडे माझी अक्कल गेली नाही.

श्रावण संपला, अमावस्या गेली, आणि दुकानात पाय ठेवायला जागा उरली नाही. महिनाभराचं जंगल घेऊन सगळे एकदम आले. त्यात हमरापूरचे मूर्ती रंगवणारे कारागीर. गणपती दोन दिवसांवर आलेला, त्यांची कामं नुकती उरकलेली, केसांत सोनेरी आणि पिवळा रंग बसलेला. एकेकाचं डोकं तीन-तीनदा धुवावं लागत होतं. दुपारपर्यंत वरची टाकी तळाला आली, आणि वीज गेलेली, म्हणजे पंपही बंद.

नेमके तेव्हाच, चारच्या एसटीने, रोह्याहून माझे सासरे आले.

माझे सासरेही याच धंद्यातले. रोह्याला त्यांचं दुकान होतं. लाकडी खुर्ची, आरसा, एक वस्तरा आणि वाटीभर पाणी यांवर त्यांनी चाळीस वर्षं काढली. आता हात कापतात म्हणून दुकान बंद केलंय, आणि दुसऱ्याच्या हाताचा त्यांना विश्वास नाही. रोह्यात चार सलून असताना ते केस कापायला पेणला येतात, माझ्याकडे. सगळे म्हणतात, केवढं प्रेम! मला विचाराल तर ती दर महिन्याची परीक्षा असते.

"बसा, बाबा."

"खुर्ची पुसलीत का?"

"पुसली."

"मग परत पुसा."

केस बारीक केले. मग कानामागची रेघ वस्तऱ्याने साफ करायला घेतली. ब्लेड त्यांच्यासमोर नवं उघडलं. ते उघडताना ते बघतातच. आणि माझा हात कानामागे असतानाच ते म्हणाले, "वस्तरा सरळ धरा, जावईबापू, शेतात नांगर नाय घातलाय." मी दचकलो. बारीकशी चीर पडली. तीळभर रक्त. मी तुरटी फिरवली. ते आरशात माझ्याकडे बघत म्हणाले, "चालायचं. माझ्या हातून पण पडल्यात. पण सासऱ्याला नाय."

मी शाम्पू लावला, नळ सोडला, आणि नळाने फक्त घुर्रर्र केलं.

दुकानात सात माणसं थांबलेली. सासऱ्यांच्या डोक्यावर फेस. मुख्याध्यापकांचा प्रसंग ताजा. मी प्लास्टिकचा मग उचलला, मागे गेलो, मच्छरदाणी एका बाजूने उचलली आणि पाणी घेतलं. घाईत आत काय आहे ते बघितलं नाही. बरं, गुपचूप धुऊन मोकळं व्हावं ना! तर नाही. मी सातही जणांना ऐकू जाईल असं म्हणालो, "पावसाचं पाणी आहे, बाबा! मऊ असतं. याला शाम्पू निम्मा लागतो."

"आम्ही एका वाटीत दोन गिऱ्हाईकं करायचो," ते म्हणाले. पण खूश दिसले. काटकसर आवडते त्यांना. तीन मग पाणी मी त्यांच्या डोक्यावर ओतलं. कानामागूनही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागचं दार उघडलं तर वास आला. मच्छरदाणी मधोमध पाण्यात बुडालेली, सुतळी एका बाजूने कुरतडलेली. काठीने जाळी वर घेतली. तिच्या पोटात उंदीर होता. मेलेला, फुगलेला. आदल्या रात्री पडलेला नव्हता तो. निदान दोन दिवसांचा होता.

काठी खाली ठेवायचंही मला सुचलं नाही. त्याचं कारण आहे. त्याच्या आदल्या वर्षीच्या पुरात आमच्या आळीतला एक रिक्षावाला गुडघाभर पाण्यातून रिक्षा ढकलत घरी आला होता. पायाला जखम होती. आठवड्याने ताप, मग डोळे लाल, मग लघवी बंद. धडधाकट माणूस, सहा दिवसांत गेला. तेव्हापासून 'लेप्टो', म्हणजे उंदरांच्या लघवीने पाण्यात उतरणारा ताप, हा शब्द आमच्या आळीत कुणी मोठ्याने बोलत नाही. आणि मी तो उंदीर काठीवर धरून उभा असताना पुढच्या रस्त्याने भोंगा लावलेली रिक्षा गेली: साचलेल्या पाण्यातून जाऊ नका, अंगावर जखम असल्यास विशेष काळजी घ्या, उंदरांपासून... मला वाटलं, सगळ्या पेणला सोडून ती माझ्याशीच बोलतेय.

उंदीर पुरला. पाणी ओतून दिलं, पिंप ब्लीचिंग पावडरने घासलं, पालथं घातलं. कंगवे-ब्रश सगळे उकळले. ही पार्लर उघडायला आली.

"पिंप का उपडं?"

"डास झालेले."

लग्नाला बावीस वर्षं झालीत. हिला खोटं सांगताना मी दुसरीकडे बघतो हे हिला माहीत आहे. पण त्या दिवशी हरतालिका, हिचा उपास, पार्लरमध्ये बायकांची रांग. तिने बघितलं नाही.

दुपारी मी औषधाच्या दुकानात गेलो. आपल्या गल्लीतल्या नाही, स्टँडजवळच्या.

"एका मित्राचं विचारायचंय," मी म्हटलं. "त्याच्या जखमेवर उंदीर पडलेलं पाणी गेलंय. तर काही गोळी असते का?"

"असते. पण डॉक्टरने लिहून द्यायला पायजे. मित्राला आजच्या आज दाखवा. वय काय त्यांचं?"

"पंच्याहत्तर."

त्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मित्र बरेच मोठे आहेत तुमचे. शुगर वगैरे आहे?"

"आहे."

"मग इथे कशाला उभे आहात?"

बरोबर होतं त्याचं. एक फोन लावायचा, 'बाबा, डॉक्टरकडे चला' म्हणायचं, संपलं. मी फोन हातात घेतलाही. पण मग का जायचं ते सांगावं लागणार, हिला कळणार, रोह्याला कळणार, की चाळीस वर्षं एका वाटीवर धंदा केलेल्या माणसाच्या डोक्यावर जावयाने उंदराचं पाणी ओतलं, वर त्याचं कौतुकही सांगितलं. आणि दुसरी भीती त्याहून वाईट. बोललो तर ते खरं होईल अशी काहीतरी. मी फोन खिशात ठेवला आणि ठरवलं, आपण लक्ष ठेवू. हे ठरवताना मला मी फार जबाबदार वाटलो.

आमचा गणपती दीड दिवसाचा, रोह्याचा गौरीबरोबर जाणारा. आमचा उठला तशी मी रोह्याची वारी लावली. रोज. गडब, नागोठणे, रोहा, आणि परत. पहिल्या दिवशी मोदक द्यायला. दुसऱ्या दिवशी डबा परत आणायला. तिसऱ्या दिवशी आरतीला.

पाया पडायच्या निमित्ताने मी त्यांच्या पोटऱ्या दाबून बघितल्या. रिक्षावाल्याच्या आधी पोटऱ्या दुखल्या होत्या, असं त्याची बायको सांगायची.

"दुखतात का, बाबा?"

"तुम्ही दाबल्यावर दुखायला लागल्यात."

प्रसाद देताना हात कपाळाला लावला. गार. देवाशप्पथ, तेवढं गार कपाळ मला कधी गोड लागलं नव्हतं. परत निघताना म्हटलं, "बाबा, जरा उजेडात बघा माझ्याकडे." डोळे पांढरे होते. कानामागची चीर सुकली होती. मी चार-चार वेळा तिथे बघत होतो.

"तुमच्या हाताची खूण पुसली का बघायला येता व्हय रोज?" ते म्हणाले. पण हसले नाहीत. मीही हसलो नाही, आणि तीच चूक झाली.

गौरी जेवल्या त्या दिवशी सासूबाईंचा हिला फोन आला. आमच्याकडे फोन नेहमी स्पीकरवर असतो.

"अगो, तुझ्या नवऱ्याला झालंय काय? रोज येतात नि ह्यांना बैलासारखं तपासतात. ह्यांनी जेवण सोडलंय. म्हणतात, मला काहीतरी मोठं झालंय, पेणला सगळ्यांना ठाव हाय, मला कुणी सांगत नाय. परवा वस्तरा नि तुरटीची डबी काढून ठेवली नि म्हणतात, ही जावयाला द्यायची. तू खरं सांग. ह्यांना काय झालंय?"

"काही नाही झालं, आई," ही म्हणाली, आणि माझ्याकडे वळली. "काय झालंय?"

मी म्हणालो, "म्हातारपण. दुसरं काय!" आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. बोलायची ती शेवटची चांगली संधी होती. ती मी घालवली. घरात एका माणसाच्या छातीवर दगड होता, तो मी उचलून म्हाताऱ्याच्या छातीवर ठेवला होता, एवढंच माझ्या लक्ष ठेवण्याचं फळ.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी परत फोन आला. ताप. अंग दुखतंय. दवाखान्यात घेऊन चाललोय.

मोटरसायकलवर ही मागे बसली. पाऊस होता, रेनकोटचा फडफडाट होता, आणि रस्त्यात खड्डे. गडबच्या अलीकडे मला कळलं की मला आता सांगायचंय, आणि ते इथेच सांगता येईल, कारण इथे हिचं तोंड दिसत नाही.

"पिंपात उंदीर होता!" मी म्हटलं.

"काय?"

"उंदीर! पिंपात! मेलेला!"

"कधी?"

"बाबांचं डोकं धुतलं ना मी, तेव्हा! पाणी गेलेलं! कानामागे लागलेलं त्यांना!"

शेजारून चाललेला ट्रक मागे पडला आणि एकदम शांत झालं. खांद्यावरचा हिचा हात निघाला. मागच्या कडीला धरलं असावं. नागोठणं आलं, गेलं. मी आरशात बघायचा प्रयत्न केला, आरशावर पाणी होतं. मला वाटत होतं तिने ओरडावं, पाठीत बुक्की घालावी. कोलाड फाट्याच्या बाजूने वळलो तरी एक शब्द नाही.

दवाखान्याच्या दारात ती उतरली. रेनकोटची टोपी मागे केली. म्हणाली, "आत जा. डॉक्टरांना सगळं सांगा. काही गाळू नका."

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. सासरे खाटेवर, तोंड सुकलेलं, डोळे लालसर. माझ्याकडे बघून त्यांनी नजर दुसरीकडे वळवली, मेल्याच्या बातमीकडे बघायला नको म्हणून वळवतात तशी. मी सगळ्यांसमोर सांगितलं. पिंप, मच्छरदाणी, चीर, तीन मग पाणी, दुसऱ्या दिवशीचा उंदीर. कुठला दिवस, किती वाजता. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला.

"मग तेव्हाच का नाही आलात?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

उत्तराची वाट न बघता त्यांनी रक्त काढायला सांगितलं आणि म्हणाल्या, रिपोर्टला थांबायचं नाही, औषध आत्ताच सुरू करू. सिस्टरने सलाईन लावलं. खाटेखाली लघवी मोजायची बाटली ठेवली.

सासरे छताकडे बघत होते. तसंच बघत म्हणाले, "म्हणजे कॅन्सर नाय?"

"नाही, बाबा."

"उंदीर?"

"हो."

त्यांनी सुस्कारा सोडला, जणू उंदीर ही चांगली बातमी असावी. "मग सांगायचं ना. मी आपला पाच दिवस मोदक सोडून बसलोय." मग डोळे मिटूनच, "पाणी कुठलं ते मी विचारायला पायजे होतं. खुर्ची पुसायला लावली, पाणी नाय विचारलं."

ते दोन दिवस मला नीट आठवत नाहीत. त्या बाटलीत किती भरलंय एवढंच आठवतं. मी बाटलीकडे बघायचो, सिस्टर वहीत आकडा लिहायची, मी तिच्या तोंडाकडे बघायचो. एका दुपारी चार तास बाटलीची रेघ हललीच नाही. मी जिन्यात जाऊन बसलो. पत्र्यावर सर आली की मी कानांवर हात ठेवायचो. मग वर गेलो तर बाटली थोडी वर गेलेली, आणि मी त्या सिस्टरच्या पाया पडायला वाकलो. ती घाबरून बाजूला झाली.

रिपोर्ट आला. लेप्टोच होता. "पण वेळेत औषध सुरू झालं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "किडनी ठीक आहे." वेळेत, असं त्या म्हणाल्या. माझ्यापुरता तो शब्द मी घेतला नाही.

पाचव्या दिवशी ताप पूर्ण उतरला. आठव्या दिवशी घरी सोडलं. पेणला परतलो तर दुकानाच्या मागे पिंप तसंच पालथं. मी त्याला घट्ट झाकण आणलं, पन्हळीच्या तोंडाला लोखंडी जाळी बसवली, पिंपावर रंगाने मोठ्ठं लिहिलं, फक्त लादीसाठी. कंगव्यांना आता नळाचंच पाणी. गागोद्याचा शेतकरी केसांचं पोतं घेऊन गेला. काट्यावर रंग मोजणं चालूच आहे. सगळं टाकून द्यावं असं एकदा मनात आलं होतं. पण चूक पाण्याची नव्हती.

या सगळ्यात ही माझ्याशी कामापुरतं बोलत होती. चहा ठेवलाय, लाइट बिल आलंय, असं. ना रागाने, ना प्रेमाने. मी वाट बघत होतो आणि घाबरतही होतो. बावीस वर्षांत ती माझ्याशी एवढं सरळ बोलली नव्हती.

पेणला परतल्याच्या चौथ्या संध्याकाळी दुकान बंद करताना ती पार्टिशनच्या या बाजूला आली. माझ्या हातातला झाडू घेतला आणि कोपऱ्यात ठेवला.

"आईचा फोन होता," ती म्हणाली. "बाबांची दाढी फार वाढलीय. तिथल्या सलूनवाल्याला घरी बोलावला तर त्याला दारातून परत पाठवला. म्हणाले, जावई येईल. तर उद्या सकाळी जायचंय. पाणी त्यांच्या घरचं घ्या. ब्लेड त्यांच्यासमोर उघडा. आणि माझ्यासमोर. मी येतेय."